अनारकलीची भिंत कुणाची?

वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांच्या भिंतींवर हिंदी सिनेमा अवतरला आणि बघता बघता त्या गल्ल्या प्रसिद्ध झाल्या. पण चित्र ज्या घरावर आहे ते घरच पाडायची वेळ आली तर?

फेब्रुवारी २०१३ मधली गोष्ट. मी तेव्हा पत्रकारितेची पदविका करत होते. पुण्याहून माझी मावशीआजी मुंबईला आली होती आणि तिला हिल रोडवर खरेदी करायची होती. सत्तरी ओलांडलेली असली तरी घासाघीस करण्यात तिचा हात धरणारे कुणी नाही. दोन पिशव्या भरल्यावर आम्ही गर्दी टाळायला म्हणून चॅपल रोडच्या अरुंद गल्लीत शिरलो आणि मावशीआजी एकदम थबकली.

समोरच्या घराच्या भिंतीवर 'अनारकली' होती. १९५३ च्या सिनेमाची जाहिरात असावी तशी, पण कागदाची नव्हे, थेट भिंतीवर रंगवलेली.

"अगं, ही तर बीना राय! आणि हा प्रदीपकुमार," मावशीआजी म्हणाली. घरी न सांगता मैत्रिणींबरोबर हा सिनेमा पाहिल्याची आणि त्यासाठी वडिलांचा मार खाल्ल्याची कथा तिने तिथेच, रिक्षांचे हॉर्न चुकवत सांगितली. मग जरा पुढे गेल्यावर तिने विचारले, "काय गं, दुसऱ्याच्या घरावर एवढं मोठं चित्र काढलंय, घरवाल्याला विचारलं होतं का?"

घरवाल्याला विचारले होते. हे चित्र काढणारा रणजित दहिया हा चित्रकार परवानगी घेऊनच भिंतीला हात लावतो. पण मावशीआजीचा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही, हे मला पुढे कळत गेले.

चुना मारता मारता चित्रकार

दहिया मूळचा हरियाणातल्या सोनिपत जिल्ह्याचा. शेतीच्या त्या मुलखात चित्रकार होण्याचे स्वप्न कुणी सहसा पाहत नाही. रणजितनेही सुरुवात केली ती घरांच्या भिंतींना चुना मारण्यापासून, रोजंदारीवर. पुढे चंदिगडच्या सरकारी कला महाविद्यालयात आणि नंतर अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याने शिक्षण घेतले आणि तो मुंबईत येऊन वांद्र्यात राहू लागला. मोठाल्या भिंतींचे भय त्याला का वाटत नाही, याचे उत्तर मला तरी त्या चुन्याच्या बादलीत दिसते.

मुंबईत भिंती रंगवण्याचे वारे त्याच सुमारास वाहू लागले होते. २००९ मध्ये महापालिकेच्या संमतीने सेनापती बापट मार्गालगतच्या रेल्वेच्या लांबच लांब भिंतीवर शेकडो लोकांनी, त्यांत शाळकरी मुलांपासून नोकरदारांपर्यंत सगळे होते, आपापली चित्रे काढली. दहियाने मात्र एक वेगळी खूणगाठ बांधली. मुंबईला सिनेमाची राजधानी म्हणतात, पण शहरात फिरताना तो सिनेमा दिसतो कुठे? २०१२ साली त्याने 'बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट' सुरू केला आणि वांद्र्याच्या भिंतींवर 'अनारकली', राजेश खन्ना, 'दीवार'मधला अमिताभ बच्चन असे एकेक जण येऊ लागले. २०१४ मध्ये वांद्रे रेक्लमेशनजवळच्या टेलिफोन कंपनीच्या उंच इमारतीवर त्याने साथीदारांसह दादासाहेब फाळके रंगवले. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या, जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणणाऱ्या माणसाचे एवढे मोठे चित्र मुंबईने त्याआधी पाहिले नव्हते.

खरे तर यात नवे काही नाही असेही म्हणता येईल. सिनेमाची जाहिरात हाताने रंगवण्याची परंपरा आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपर्यंत जाते. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर जाणकार आजही पाहतात. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या दिवसांत मुंबईत सिनेमाचे फलकच रंगवले होते. थिएटरवर बांबूच्या परांचीवर चढून हेमामालिनीचा डोळा रंगवणारे कारीगर आमच्या आईच्या पिढीने पाहिले आहेत. मग छापील फ्लेक्स आला आणि ही माणसे बेकार झाली. त्यांचा तो भडक निळा, तो शेंदरी, चेहऱ्यावरचा हिरवट सावल्यांचा खेळ दहियाने भिंतीवर परत आणला.

हे काम दिसते तितके मौजेचे नाही. आधी भिंत खरवडायची, भेगा पुट्टीने बुजवायच्या, प्रायमर मारायचा. मूळ छायाचित्रावर चौकटी आखायच्या, भिंतीवर त्याच प्रमाणात मोठ्या चौकटी सूत मारून काढायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचे. परांचीवर उभा असलेला चित्रकार नाकपुडी रंगवत असतो, पण चेहरा त्याला दिसत नाही. तो पाहायला दर थोड्या वेळाने खाली उतरून रस्ता ओलांडून लांब उभे राहावे लागते. रात्री स्प्रेचा डबा घेऊन गुपचूप नाव खरडून जाणाऱ्या ग्राफिटीवाल्यांचे काम निराळे आणि हे निराळे. इथे सगळी गल्ली पाहत असते आणि नाक वाकडे झाले तर सांगतही असते!

एवढे करूनही मुंबईच्या पावसापुढे कुणाचे चालत नाही. जुन्या चुन्याच्या गिलाव्यात ओल मुरते. वरून प्लास्टिकचा रंग बसला की आतली ओल बाहेर पडू शकत नाही, फुगे धरतात आणि पापुद्रे सुटतात. चार-पाच पावसाळे टिकले तर चित्र नशीबवान.

रानवारची माणसे

ज्या घरांवर ही चित्रे आली ती घरे कुणाची, हे मावशीआजीसारख्या पाहुण्यांना माहीत नसते. चॅपल रोड, वरोडा रोड, रानवार हा सारा वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांचा भाग. इथले मूळ रहिवासी ईस्ट इंडियन. नाव इंग्रजी असले तरी ही माणसे या किनाऱ्यावरचीच. पोर्तुगीज अमलात त्यांचे पूर्वज ख्रिस्ती झाले. १७३९ च्या सुमारास साष्टी मराठ्यांकडे आली, पुढे इंग्रजांकडे गेली, पण ही मंडळी शेतीवाडी सांभाळत तिथेच राहिली. गोवा-मंगळूरकडून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती लोकांहून आपण वेगळे, या मुलखाचे भूमिपुत्र, हे दाखवण्यासाठी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षे झाली तेव्हा, त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतले. घरात बोलतात ती मराठीचीच एक बोली.

लाकडी जिने, उतरती कौले, पुढे व्हरांडा, नाक्यावर क्रूस. असे कितीतरी क्रूस १८९६ च्या प्लेगच्या आठवणीने उभारलेले आहेत. या घरांच्या आजूबाजूचे वांद्रे झपाट्याने बदलले. २००९ मध्ये सागरी सेतू खुला झाला आणि वरळी काही मिनिटांवर आली. जागेला सोन्याचा भाव आला. एका बंगलीचे सहा वारस, त्यांतले चार परदेशी, खाली जुन्या भाड्याचा भाडेकरू, कौले दुरुस्त करायला पैसा नाही, अशी अवस्था असताना बिल्डर दारात उभा राहिला तर त्याला नाही कोण म्हणणार? आणि नाही म्हणा असे सांगण्याचा अधिकार तरी आपल्याला कुठे आहे? गळक्या छपराखाली आपण राहत नाही.

चित्रांनी या बदलाला थोपवले नाही. उलट थोडा हातभारच लावला असे मला वाटते. गल्ली प्रसिद्ध झाली की फोटो काढणारे येतात, मागोमाग कॉफीची दुकाने आणि कपड्यांची बुटिके येतात आणि बेकरीवाल्याचे भाडे वाढते. यात दहियाचा दोष नाही. तो स्वतःही याच वस्तीत भाड्याच्या छपराखाली राहायला आलेला. पण एक गोष्ट खटकते. भिंतीवर मधुबाला आली, राजेश खन्ना आला, मे २०२० मध्ये इरफान खान गेल्यानंतर वरोडा रोडवर दहियाने काढलेला इरफानही आला. भिंतीच्या आत राहणारी, लुगडे नेसून लग्नात पाणी आणायला विहिरीवर जाणारी ईस्ट इंडियन म्हातारी मात्र क्वचितच आली. २०१७ मध्ये कुलाब्याच्या ससून गोदीत कलाप्रदर्शन भरले तेव्हा तिथल्या कोळी स्त्री-पुरुषांचे मोठाले छायाचित्रचेहरे गोदीच्याच भिंतींवर लागले होते. आपल्याच भिंतीवर आपला चेहरा पाहण्याचे सुख अमिताभपेक्षा कमी नसावे.

कायदा काय म्हणतो?

आता मावशीआजीच्या प्रश्नाकडे. सार्वजनिक जागी दिसणारी मालमत्ता परवानगीशिवाय रंगवणे हा महाराष्ट्रात १९९५ च्या विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. म्हणून परवानगी लागतेच. पण परवानगी घेऊन काढलेल्या चित्राचे पुढे काय?

आपल्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ मध्ये कलाकाराला एक खास हक्क दिलेला आहे. कलाकृती विकली तरी तिची विटंबना झाल्यास तो दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प केले होते. १९७९ मध्ये ते काढून गोदामात टाकण्यात आले, त्याचे तुकडे झाले. सेहगल न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना ५ लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत देवविले.

म्हणजे चित्रकार बिल्डरला अडवू शकेल? तसे दिसत नाही. दिल्लीच्या प्रगती मैदानातले 'हॉल ऑफ नेशन्स' २०१७ मध्ये पाडले गेले तेव्हा त्याचे वास्तुशिल्पी राज रेवाल यांनी हाच हक्क पुढे केला होता. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मालकाचा पाडण्याचा हक्क मान्य केला. भिंतीवरचे चित्र तर भिंतीपासून वेगळे काढून ठेवताही येत नाही.

दिल्लीच्या लोधी कॉलनीत २०१५ पासून रस्तोरस्ती चित्रे झाली. तिथे भिंती सरकारी, जाड, एकसारख्या आणि मालक एकच. वांद्र्यात प्रत्येक भिंतीमागे एक कुटुंब आहे, त्याच्या अडचणी आहेत, त्याचे भांडण आहे. तुमच्या सोसायटीच्या भिंतीवर कुणी चित्र काढू म्हणाले तर जरूर काढू द्या. फक्त ठरावात लिहून घ्या की किती वर्षे ठेवायचे, पापुद्रे सुटले तर खर्च कुणाचा आणि भिंत पाडायची झाली तर चित्रकाराला आधी कळवायचे. निदान त्याला शेवटचा फोटो तरी काढता येईल.

गेल्या हिवाळ्यात मी पुन्हा त्या भागातून गेले. एका वळणावर निळे पत्रे ठोकलेले होते. आतली बंगली पाडून झाली होती, पण शेजारच्या घराला चिकटलेली तिची एक भिंत अजून उभी होती. बाहेरच्या बाजूला कुणा चित्रकाराने काढलेला अर्धा चेहरा शिल्लक होता आणि दोन मुली त्याच्यापुढे उभ्या राहून फोटो काढून घेत होत्या. मी पत्र्याच्या फटीतून आत पाहिले. भिंतीच्या आतल्या अंगाला पोपटी रंग होता, जिन्याच्या पायऱ्यांचे ठसे वर चढत गेले होते आणि स्वयंपाकघर असावे तिथे धुराने काळवंडलेल्या पट्ट्याच्या वर कॅलेंडरचा खिळा तसाच होता.