गाडीतली घूं... कुठून येते?

नागपूरहून समृद्धी महामार्गाला लागलं, की ॲक्सिलरेटरवरचा पाय तासन् तास एकाच जागी राहतो. शिर्डीपर्यंतचा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला. मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. शहरात न जाणवणारी सायलेन्सरची घूं इथे डोकं उठवते.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेरीला दोन स्फोट होतात. मिनिटाला २४०० फेरे म्हणजे सेकंदाला ८० स्फोट, ८० हर्ट्झचा सूर. त्याची तरंगलांबी हवेत सव्वाचार मीटर. केबिन साधारण त्याच्या निम्म्या लांबीची असेल, तर तिथली हवाच त्या सुरात घुमू लागते. म्हणून वेग थोडा बदलला की आवाज पडतो.

अशा लांब लहरीपुढे बोटभर जाडीचा फोम काय करणार? दुकानदार तोच आग्रहाने विकतात, ते सोडा. खरा उतारा पाइपातच आहे: मुख्य नळीला टोक बंद असलेली बाजूची नळी जोडायची, लांबी तरंगलांबीच्या पाव. आत जाऊन परतलेली लहर नेमकी उलटी होते नि मूळ लहरीला खोडते. ८० हर्ट्झसाठी साध्या हवेत ही नळी जेमतेम मीटरभर; तापलेल्या वायूत ध्वनी जास्त वेगाने धावतो, म्हणून तिथे ती अधिक लांब लागते.

त्याआधी सायलेन्सर टांगणारे रबर तपासा. ते कडक झाले, की कंप थेट पत्र्यात उतरतो. जोडातली गळती मात्र लगेच बुजवा. तिथून आवाजाबरोबर कार्बन मोनॉक्साइडही केबिनमध्ये शिरू शकतो.