ऑटो एसी १८ वर ठेवला म्हणून गाडी लवकर गार होत नाही

परवा भर दुपारी मेव्हण्याच्या नव्या गाडीत बसलो. त्याने लगेच ऑटो एसीचा आकडा १८ वर नेला. “लवकर गार होईल, दाजी!”

होत नाही. गाडी तापलेली असताना २४ ठेवा की १८, सुरुवातीला एसी जोरातच चालतो. फरक पडतो तो थांबायचं कुठे, यात.

स्टिअरिंगजवळच्या बारीक जाळीमागचा सेन्सर आतलं तापमान मोजतो, पुढच्या बंपरजवळचा बाहेरचं. बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्डवर काचेलगत एक काळा ठिपका असतो, तो ऊन किती येतंय ते पाहतो.

त्यावरून कॉम्प्युटर पंख्याचा वेग ठरवतो आणि आतली एक झडप हलवतो. खरी करामत या झडपेची: कूलिंग कॉइलवरून आलेल्या थंड हवेतली किती हवा हीटरवरून जाऊ द्यायची, हे तीच ठरवते. हीटर तापतो इंजिनाच्या गरम कूलंटवर.

मेव्हण्याचा गणपती नेमका त्या काळ्या ठिपक्यावर बसवलेला! बाप्पाला जरा बाजूला सरकवा, नाहीतर एसीला वाटतं बाहेर ढग आहेत.

माझं मत विचाराल तर २४, ऑटो, आणि मग बटणांना हात लावू नका. काही शंका असतील तर गाडीचं मॉडेल लिहून खाली विचारा.