पायऱ्या न मोडता: चालता प्रोग्राम दुसऱ्या भाषेत लिहिताना

चालू असलेला ओपन सोर्स प्रोग्राम एका प्रोग्रामिंग भाषेतून दुसऱ्या भाषेत पुन्हा लिहायचा झाला, तर नेमकं काय सांभाळावं लागतं, हा आजचा विषय. उदाहरण मुद्दाम असं निवडलंय, जे तुमच्या खिशात आहे. अँड्रॉइड फोनवर हे वाचत असाल, तर ही अक्षरं बहुधा त्याच प्रोग्रामनं जुळवली आहेत.

त्याचं नाव हार्फबझ. नाव फारसीतलं: हर्फ म्हणजे अक्षर, बाझ म्हणजे उघडं. बेहदाद एस्फाबोद यांनी त्याची आजची घडण केली, सी प्लस प्लस या भाषेत. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड, लिब्रेऑफिस या सगळ्यांत तो आहे. त्याचं काम म्हणजे शेपिंग. कॉम्प्युटरला अक्षरं माहीत नसतात, फक्त त्यांचे क्रमांक माहीत असतात. ते क्रमांक घेऊन फॉन्टमधला कुठला आकार कुठे बसवायचा, हे हार्फबझ ठरवतो. ‘कि’ लिहिताना आपण आधी क देतो, मग वेलांटी. पण पडद्यावर वेलांटी आधी दिसायला हवी. ही अदलाबदल तो करतो.

मग चांगलं चालणारं का बदलायचं? कारण सुरक्षा. वेबपानं स्वतःचे फॉन्ट पाठवतात, म्हणजे अनोळखी माणसाची फाईल तुमच्या फोनमध्ये उघडली जाते. सी प्लस प्लसमध्ये एखादा हिशोब चुकला, तर प्रोग्राम मेमरीत स्वतःच्या हद्दीबाहेर वाचू शकतो, लिहूही शकतो. क्रोममधल्या गंभीर सुरक्षा-दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष मेमरीच्या गोंधळातून येतात, असं गूगलनं २०२० मध्ये सांगितलं होतं. रस्ट या भाषेत अशा बहुतेक चुका एकतर प्रोग्राम तयार होतानाच पकडल्या जातात, नाहीतर चालताना तिथेच थांबवल्या जातात. म्हणून २०२५ मध्ये क्रोमच्या १३३व्या आवृत्तीत अँड्रॉइड, लिनक्स आणि क्रोमओएसवर वेबफॉन्ट वाचायचं काम फ्रीटाइपकडून काढून रस्टमधल्या स्क्रिफाकडे दिलं गेलं. शेपिंगसाठी हार्फबझचा रस्टमधला अवतार आधीच आला होता, रस्टीबझ. पुढे त्याच्यावरून हार्फरस्ट निघाला आणि तो हार्फबझ प्रकल्पाच्याच घरात वाढतोय.

आता आपल्या मुद्द्याकडे येऊ. आपण बोलतोय ते वाराणसीच्या भोसले घाटावरून. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा घाट. घाट म्हटलं की आल्या पायऱ्या. हाच शब्द नीट बघा: पायऱ्या. यात र अर्धा आहे, पण तो डोक्यावर रफार होऊन चढत नाही. ओळीतच पापणीच्या केसासारखा वळतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधल्या खोल जागा. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला, ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला. एका वळणानं माणूस बदलतो.

हिंदीला हा र लागत नाही. इथल्या माणसाला हव्यात ‘सीढ़ियाँ’. म्हणजे कुणी नव्यानं शेपिंग लिहिलं आणि फक्त हिंदी तपासली, तर काशीत सगळं पास होईल आणि नागपुरात पायऱ्या मोडतील.

युनिकोडमध्ये या वळणासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे, क्रमांक ०९३१. पण युनिकोडच्याच तक्त्यात लिहिलंय की ऱ म्हणजे र आणि खाली नुक्ता, असे दोन तुकडे करता येतात. शेपिंगच्या आधी अक्षरांचे असे तुकडे करणं ही नेहमीची पायरी आहे. ऱचे तुकडे केले, तर पुढे फॉन्टला ऱ सापडेलच याची खात्री नाही. म्हणून हार्फबझच्या कोडमध्ये ‘यांचे तुकडे करू नका’ अशी छोटी यादी आहे आणि देवनागरीचा ऱ त्या यादीत आहे. त्यासाठी कोडची अवघी एक ओळ खर्च झालीय.

नव्यानं लिहिणाऱ्याला मोह होतो तो इथेच. नियम स्वच्छ आहे, मग हा अपवाद कशाला? मराठी न येणाऱ्या हुशार माणसाला ती ओळ अडगळ वाटू शकते. पण रस्टीबझ लिहिणाऱ्यांनी शिस्त पाळली. आपल्या मनासारखी नवी रचना मांडण्याऐवजी त्यांनी हार्फबझचा ढाचा जवळजवळ तसाच उतरवला आणि हार्फबझच्या टेस्टही सोबत आणल्या. ऱची ती ओळ रस्टमध्येही तशीच आहे.

या टेस्ट आल्या कुठून? हार्फबझचा भारतीय लिप्यांचा भाग तयार होत होता तेव्हा त्याचा निकाल मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबशी ताडून पाहिला गेला. एकट्या देवनागरीचे सात लाखांहून अधिक शब्द त्यात होते. फरक पडला की कारण शोधायचं, कोड सुधारायचा, पुन्हा ताडायचं. जुन्या प्रोग्रामची खरी कमाई हीच असते. बऱ्याच गोष्टी नियमावलीत नसतात, त्या वागण्यात असतात.

यातून मी तीन गोष्टी घेतो. पहिली, भाषा बदलताना रचना बदलू नका. आधी जसंच्या तसं उतरवा, साफसफाई नंतर करा. दुसरी, विचित्र दिसणारी ओळ कुणासाठी आहे हे कळेपर्यंत ती काढू नका. तिसरी, जुना आणि नवा प्रोग्राम एकाच मजकुरावर चालवा आणि निकाल ताडा.

तिसऱ्या कामाला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. मणिकर्णिकेच्या पलीकडे ललिता घाटावर नेपाळी मंदिर आहे. नेपाळीतही हाच र आहे, पण तिथे ‘गर्‍यो’ लिहिताना बहुधा साध्या र, हलन्तानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह देतात. दिसायला सारखं, आतून वेगळं. टेस्टमध्ये दोन्ही हवेत.

तेव्हा एक यादी करून ठेवा: पायऱ्या, दऱ्या, वाऱ्या, आचाऱ्यास, तऱ्हा, कऱ्हाड. नवं ॲप, नवा फॉन्ट, नवा ब्राउझर हाती आला की ती त्यात टाकून बघा. काही मोडलं, तर त्या प्रकल्पाकडे शब्द, फॉन्टचं नाव आणि दोन चित्रं पाठवा: कसं दिसतं आणि कसं दिसायला हवं. तो शब्द एकदा टेस्टमध्ये गेला की उद्या प्रोग्राम तिसऱ्या भाषेत गेला तरी तो सोबत जातो. पुढच्या भागात अशी तक्रार नेमकी कशी लिहायची ते पाहू.