एअरटेल आफ्रिका कंपनीच्या समभागाविषयी गुंतवणूकदारांचे दृष्टिकोन : चलनमूल्य व मोबाईल मनी यांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

भारतीय कंपन्यांच्या परदेशी गुंतवणुकीचा अभ्यास करताना वाणिज्य व अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचे लक्ष बहुधा युरोप-अमेरिकेकडे जाते. आफ्रिका खंडातील भारतीय भांडवलाची चर्चा त्या मानाने कमीच झाली. भारती एअरटेलने २०१० मध्ये कुवेतच्या झेन समूहाकडून आफ्रिकेतील पंधरा देशांमधील दूरसंचार व्यवसाय, कर्ज धरून, सुमारे १०.७ अब्ज डॉलरना विकत घेतला. पुढे बुर्किना फासो व सिएरा लिओन येथील व्यवसाय विकण्यात आले, घानामधूनही कंपनी बाहेर पडली आणि रवांडाची भर पडली. आज एअरटेल आफ्रिका ही कंपनी चौदा देशांत कार्यरत असून तिच्या समभागांची नोंदणी लंडन व नायजेरिया येथील शेअर बाजारांत २०१९ मध्ये झाली. या कंपनीचे ग्राहक वर्षानुवर्षे वाढत असताना तिच्या समभागाविषयी मात्र गुंतवणूकदारांची मते टोकाची भिन्न राहिली. ही भिन्नता का निर्माण झाली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे.

समभागाचा प्रवास :

लंडन येथे जून २०१९ मध्ये प्रत्येकी ८० पेन्स या दराने प्रारंभिक भागविक्री झाली आणि सुमारे ७५ कोटी डॉलर उभे राहिले. व्यवहाराच्या पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली गेला. २०२० च्या मार्चमध्ये कोविडच्या धास्तीने तो ४० पेन्सच्याही खाली आला. त्यानंतर तो चढत गेला व २०२२ च्या प्रारंभी कंपनीचा समावेश एफटीएसई १०० या निर्देशांकात झाला. पुढील दोन वर्षे पुन्हा घसरणीची गेली. २०२५ मध्ये हाच समभाग दोनशे पेन्स ओलांडून गेला. या सर्व काळात आफ्रिकेतील तरुण लोकसंख्या, बँकेत खाते नसलेला मोठा वर्ग व स्मार्टफोनचा प्रसार ही मूळ कारणे फारशी बदललेली नव्हती. बदलला तो चलनाचा दर आणि त्याबरोबर गुंतवणूकदारांचा हिशेब.

एकाच अहवालातील दोन आकडे :

कंपनीच्या मार्च २०२४ अखेरच्या वार्षिक अहवालात महसुलाविषयी दोन विधाने शेजारीशेजारी आढळतात. पहिल्यानुसार महसूल २०.९ टक्क्यांनी वाढला. दुसऱ्यानुसार तो ५.३ टक्क्यांनी घटून ४.९८ अब्ज डॉलर झाला. ही दोन्ही विधाने खरी आहेत. पहिला आकडा स्थिर चलनाच्या पद्धतीने काढलेला असतो, म्हणजे दोन्ही वर्षांच्या महसुलाला एकच विनिमय दर लावलेला असतो. दुसरा आकडा प्रत्यक्ष दराने डॉलरमध्ये रूपांतर केल्यावर उरणारा असतो.

या दोहोंतील दरीचे मुख्य कारण नायजेरिया हे होय. तेथील मध्यवर्ती बँकेने जून २०२३ मध्ये परकीय चलनाच्या निरनिराळ्या खिडक्या एकत्र केल्या आणि नायराचा दर बाजारावर सोडला. मार्च २०२३ मध्ये एका डॉलरला सुमारे ४६० नायरा मोजावे लागत. मार्च २०२४ मध्ये हा दर सुमारे १,३०० पर्यंत गेला. त्याचा परिणाम एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. नायजेरियातील एखाद्या ग्राहकगटाकडून पहिल्या वर्षी ४,६०० नायरा मिळाले असतील, तर ते १० डॉलर झाले. दुसऱ्या वर्षी त्याच गटाने तीस टक्के अधिक, म्हणजे ५,९८० नायरा दिले, तरी नव्या दराने त्याचे ४ डॉलर ६० सेंटच होतात. ग्राहक वाढला, त्याचा डेटाचा वापर वाढला, लागोसमधील व्यवस्थापकाने आपले काम चोख केले आणि लंडनमधील भागधारकाच्या हाती निम्म्याहून कमी उरले.

येथे वर्गात बहुधा निसटणारा एक मुद्दा नोंदविणे आवश्यक वाटते. अवमूल्यनाचा फटका दोन ठिकाणी बसतो. महसुलाचे रूपांतर करताना होणारी घट हा त्यातील एक भाग झाला. दुसरा भाग देण्यांचा आहे. नायजेरियातील उपकंपनीचे उत्पन्न नायरामध्ये, परंतु काही कर्जे व बांधिलक्या डॉलरमध्ये होत्या. नायरा कोसळताच त्या देण्यांचे स्थानिक मूल्य रातोरात फुगले व हा तोटा थेट नफातोटा पत्रकात उतरला. मार्च २०२३ अखेरच्या वर्षात ७५ कोटी डॉलर करोत्तर नफा दाखविणाऱ्या कंपनीला पुढील वर्षी ८.९ कोटी डॉलर तोटा झाला. नायराबरोबरच नोव्हेंबर २०२३ मधील मलावीच्या क्वाचाचे अवमूल्यनही त्यास कारणीभूत होते. मार्च २०२५ अखेरच्या वर्षात ३२.८ कोटी डॉलर नफा झाला, तेव्हाही महसुलातील ही दरी कायमच होती. स्थिर चलनात २१.१ टक्के वाढ आणि डॉलरमध्ये किंचित घट, असे ते चित्र होते.

वाढीवर विश्वास ठेवणारा गुंतवणूकदार स्थिर चलनाचा आकडा प्रमाण मानतो. अवमूल्यन ही एकदाच घडणारी घटना असून ग्राहक मात्र कायम राहतो, असा त्याचा युक्तिवाद असतो. संशयी गुंतवणूकदाराच्या मते लाभांश डॉलरमध्ये मिळतो, म्हणून डॉलरचा आकडाच खरा. ज्या देशात चलन दर काही वर्षांनी घसरतेच, तेथे घसरणीला अपवाद मानणे म्हणजे दरवर्षी येणाऱ्या पावसाला अवकाळी म्हणण्यासारखे होय, अशी त्याची भूमिका असते. या भूमिकेत तथ्य आहे. तथापि स्थिर चलनातील वाढ म्हणजे केवळ महागाईचे प्रतिबिंब होय, असा जो आक्षेप काही वेळा घेतला जातो, तो निदान नायजेरियाच्या बाबतीत टिकत नाही. तेथे दूरसंचार सेवांचे दर २०१३ पासून वाढलेले नव्हते. नियामक आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये प्रथमच कमाल ५० टक्क्यांपर्यंत दरवाढीस मान्यता दिली. त्यापूर्वीची वाढ ही प्रामुख्याने ग्राहकसंख्या व डेटाच्या वापरातून आलेली होती, तर डिझेल व मनोऱ्यांचे भाडे हे खर्च मात्र चढतच होते. २०२५ मधील भाववाढीमागे ही दरवाढ व नायराचे स्थैर्य या दोन्ही गोष्टी होत्या.

सर्वच चलने एकाच प्रकारे वागत नाहीत, हेही लक्षात घ्यावे लागते. गॅबन, चाड, काँगो प्रजासत्ताक व नायजर येथील सीएफए फ्रँक युरोशी बांधलेला आहे. त्यामुळे ‘आफ्रिकेची जोखीम’ असा सरसकट शब्दप्रयोग विश्लेषणास फारसा उपयोगी पडत नाही.

मोबाईल मनीचे वेगळे मूल्यमापन :

मोबाईल मनीचे स्वरूप भारतीय वाचकाने यूपीआयच्या चष्म्यातून पाहिल्यास गफलत होण्याचा संभव आहे. यूपीआयमध्ये पैसा बँक खात्यातून बँक खात्यात जातो आणि जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याकडून त्यासाठी शुल्क आकारले जात नाही. युगांडा, झांबिया किंवा मलावीमधील ग्राहकाचे बहुधा बँकेत खातेच नसते. तो कोपऱ्यावरील एजंटकडे रोख रक्कम देतो व ती त्याच्या मोबाईलवरील खात्यात जमा होते. गावी आईला पैसे पाठविताना व तिने ते एजंटकडून रोखीने काढताना शुल्क आकारले जाते. ग्राहकांची जमा रक्कम बँकांमधील विश्वस्त खात्यात ठेवावी लागते, कंपनीला ती वापरता येत नाही. कंपनीचे मुख्य उत्पन्न शुल्काचे आहे, कर्जवाटपाचे नाही. म्हणूनच हा व्यवसाय कमी भांडवलात अधिक नफा देणारा ठरतो. व्होडाफोनने २०१३ मध्ये भारतात आणलेली एम-पेसा सेवा २०१९ मध्ये बंद करावी लागली, यावरून त्याचे यश सर्वत्र गृहीत धरता येत नाही, हेही स्पष्ट व्हावे.

मार्च २०२५ अखेर एअरटेल आफ्रिकेचे एकूण ग्राहक १६.६१ कोटी व मोबाईल मनीचे ग्राहक ४.४६ कोटी होते. २०२१ मध्ये टीपीजीचा राइज फंड, मास्टरकार्ड व कतारचा सार्वभौम निधी यांनी या व्यवसायात अल्प हिस्सा घेतला, तेव्हा त्याचे मूल्य २.६५ अब्ज डॉलर धरण्यात आले होते. त्या आधारे अनेक गुंतवणूकदार समभागाची किंमत दोन तुकड्यांत काढू लागले. मोबाईल मनीचे मूल्य वजा केल्यावर उरलेला दूरसंचार व्यवसाय बाजार जवळपास कवडीमोलाने देत आहे, असा निष्कर्ष त्यातून निघे. हिशेब आकर्षक होता, परंतु त्यात एक उणीव होती. मोबाईल मनीचा बहुतांश व्यवसाय पूर्व व फ्रेंचभाषक आफ्रिकेत आहे. सर्वाधिक लोकसंख्येच्या नायजेरियात परवाना एप्रिल २०२२ मध्येच मिळाला आणि तेथे बँका व नवी वित्त-तंत्रज्ञान कंपन्यांशी स्पर्धा आहे. शिवाय २०२१ मधील गुंतवणूकदारांना चार वर्षांत भागविक्री न झाल्यास आपला हिस्सा कंपनीला परत विकण्याचा हक्क देण्यात आला होता. ही भागविक्री २०२५ मध्ये पुढे ढकलण्यात आली.

युगांडातील अनुभव :

स्थानिक गुंतवणूकदाराचे मत लंडनपेक्षा निराळे असू शकते, याचा प्रत्यय २०२३ च्या उत्तरार्धात आला. युगांडात दूरसंचार परवानाधारक कंपनीने वीस टक्के समभाग शेअर बाजारातून विकणे बंधनकारक आहे. त्यानुसार एअरटेल युगांडाने प्रत्येकी १०० शिलिंग या दराने समभाग देऊ केले. त्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिकच विकले गेले. या भागविक्रीत मोबाईल मनीचा व्यवसाय समाविष्ट नव्हता, तर प्रतिस्पर्धी एमटीएन युगांडाच्या समभागात तो अंतर्भूत होता. कंपालामधील ग्राहक ज्या सेवेला रोज शुल्क देत होता, तिचा नफा त्याला देऊ केलेल्या समभागात नव्हता. त्याने हात आखडता घेतला यात नवल नाही.

भारतीय भागधारकाच्या दृष्टीने :

भारती एअरटेलकडे एअरटेल आफ्रिकेचा बहुसंख्य हिस्सा असल्याने तिच्या एकत्रित ताळेबंदात आफ्रिकेतील व्यवसाय समाविष्ट होतो. भारती एअरटेल ही सेन्सेक्स व निफ्टीमधील कंपनी आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्या महाराष्ट्रातील अध्यापकांसाठी अंशदायी निवृत्तिवेतनाची योजना आली आणि अशा निधीचा काही भाग मोठ्या कंपन्यांच्या समभागांत गुंतविला जातो. म्हणजे ज्याने लंडनच्या बाजाराकडे कधी पाहिले नाही, अशा अध्यापकाच्या निवृत्तिवेतनालाही नायराची अल्पशी झळ लागू शकते. तीही सरळ लागत नाही. नायराचे डॉलर व डॉलरचे रुपये होताना रुपया घसरलेला असेल, तर आफ्रिकेतील तोटा रुपयांच्या ताळेबंदात काहीसा झाकला जातो.

कंपनीने दरम्यानच्या काळात कर्जाची रचना बदलली. मे २०२४ मध्ये मूळ कंपनीवरील ५५ कोटी डॉलरचे रोखे फेडण्यात आले आणि कर्जाचा भार स्थानिक चलनाकडे वळविण्यावर भर देण्यात आला. समभागांची पुनर्खरेदीही मार्च २०२४ पासून सुरू झाली. अहवालाच्या जोखीमविषयक भागात सर्व चलने एक टक्क्याने घसरल्यास महसूल व नफ्यावर किती परिणाम होईल, याचा अंदाज कंपनी स्वतःच देते. वाढीचा ठळक आकडा पहिल्या पानावर असतो, हा अंदाज मात्र बराच आत, चलनविषयक परिच्छेदात शोधावा लागतो.