पानांखाली पडतो तो पाऊस वेगळाच

झाडाखाली पाऊस जरा उशिरा आणि जरा कमी पोचतो, बाकी पाणी तेच, असे बहुतेकांना वाटते. ते खरे नाही. पानावर पडलेला थेंब खाली ठिबकेपर्यंत त्याचे रसायन बदललेले असते. कोरड्या दिवसांत पानांवर बसलेली धूळ, क्षार आणि वायू तो धुऊन घेतो. सरीच्या सुरुवातीचे पाणी म्हणूनच सर्वांत दाट असते. शिवाय पानेही स्वतःकडचे काही सोडतात. पालाश, म्हणजे पोटॅशियम, पेशीरसात मोकळे विरघळलेले असते. त्यामुळे ते सर्वांत सहज निघून येते, आणि ठिबकत्या पाण्यात त्याचे प्रमाण उघड्यावरच्या पावसाच्या कित्येक पट भरते. पेशीभित्तिकांत बांधलेले कॅल्शियम त्यामानाने हळू सुटते. नत्राचे बरेचदा उलटे होते. हवा स्वच्छ असेल तिथे पाने आणि फांद्यांवरचे दगडफूल पावसातले नत्र शोषून घेतात.

हे पालाश वाया गेले, असेही कोणी समजू नये. मुळे ते पुन्हा उचलतात.

दुसरा समज अधिक लोकप्रिय आहे: पाने पाणी गाळून शुद्ध करतात. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातल्या हबर्ड ब्रूक जंगलाने तो तपासून दाखवला. जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन आणि सहकाऱ्यांना १९६३पासून तिथल्या पावसात तीव्र आम्लता आढळू लागली. स्वच्छ पावसाचा सामू साधारण ५.६ असतो, तिथे तो ४च्या आसपास होता. म्हणजे आम्लता सुमारे चाळीसपट. उन्हाळ्यात मेपल, बीच आणि बर्चच्या पानांखाली मात्र यातले बरेचसे आम्ल नाहीसे झालेले दिसे. पाने हायड्रोजन आयन घेत आणि बदल्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश देत. पण हा व्यवहार फुकटचा नव्हता. गेलेले कॅल्शियम भरून काढण्यासाठी मुळे ते मातीतून ओढतात आणि तिथे हायड्रोजन सोडतात. आम्ल संपत नाही, ते जमिनीत उतरते.

सगळी झाडे हे काम सारखेच करतात का? जर्मनीतील झोलिंगच्या डोंगराळ भागात बेर्नहार्ड उलरिख यांनी १९६०च्या दशकापासून बीच आणि स्प्रूसच्या वनांखालचे पाणी मोजले. स्प्रूस सदाहरित. त्याच्या दाट सुया हिवाळाभर धुके आणि गंधकयुक्त वायू पकडत राहतात, त्यामुळे त्याच्याखाली बीचपेक्षा बरेच जास्त गंधक उतरत होते. बीचची तऱ्हा निराळी. त्याची साल गुळगुळीत असल्याने बरेच पाणी खोडावरून ओघळते. एकूण पावसाच्या हिशेबात ते थोडेच, पण सारे बुंध्यापाशी मुरते. व्हिएन्नाजवळच्या जंगलात अशा बुंध्यांभोवतीची माती काही पावले दूरच्या मातीपेक्षा अधिक आम्ल आणि शिसेयुक्त निघाली.

सर्वांत चकवणारे उदाहरण नेदरलँड्सचे आहे. गोठ्यांतल्या शेणखतातून उडणारा अमोनिया अल्कधर्मी असतो. मग तो आम्लता कमीच करणार, असे कोणालाही वाटेल. निको व्हान ब्रीमेन आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली ‘नेचर’मध्ये नेमके उलटे दाखवले. झाडांच्या शेंड्यांवर अमोनिया आणि सल्फर डायऑक्साइड एकत्र येऊन अमोनियम सल्फेट होते. पाऊस ते मातीत नेतो, आणि तिथले जिवाणू अमोनियमचे नायट्रिक आम्ल करतात. चुनखडी नसलेल्या त्या जमिनींचा सामू २.८ ते ३.५पर्यंत घसरला होता. तेव्हा निव्वळ उघड्यावरच्या पर्जन्यमापकातले पाणी तपासून जंगलात किती प्रदूषण पोचते हे ठरवणे चूक आहे.

अमेरिकेत १९९०च्या कायद्याने धुराड्यांतले गंधक कमी झाले आणि हबर्ड ब्रूकचा पाऊसही सुधारला. मातीतून गेलेले कॅल्शियम मात्र आपोआप परतले नाही. १९९९च्या ऑक्टोबरमध्ये शास्त्रज्ञांनी तिथल्या ११.८ हेक्टरच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून कॅल्शियम सिलिकेट टाकले. त्यानंतरच्या वर्षांत त्या पाणलोटातले शुगर मेपल शेजारच्या झाडांपेक्षा निरोगी दिसू लागले.