वडप्याच्या आकाशाला साजेसा कॅमेरा

मुंबईहून नाशिककडे निघालेला महामार्ग भिवंडीला बगल देऊन वडप्याला येतो. ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही याच भिवंडी तालुक्यात, आमणे येथे संपतो. रस्त्यांच्या दोन्ही अंगांना गोदामं, तिथे रात्रभर चालणारी मालाची चढउतार आणि आवारांत उंच खांबांवरचे झोतदिवे. रात्रीच्या आकाशाच्या छायाचित्रणावर लिहिताना लडाखमधलं हानले किंवा कच्छचं रण अशा काळोख्या जागांची नावं घेण्याचा प्रघात आहे. मी वडपे मुद्दाम निवडलं. कॅमेरा विकत घेणारी बहुतेक मराठी माणसं अशाच आकाशाखाली राहतात, आणि त्यांना मिळणारा सल्ला मात्र हानलेच्या आकाशाचा असतो.

त्या सल्ल्याचा साचा ठरलेला आहे. मोठ्या सेन्सरचा मिररलेस कॅमेरा, एफ २.८ची रुंद कोनाची लेन्स, भक्कम ट्रायपॉड. मग ५०० या आकड्याला नाभीय अंतराने भागायचं आणि येईल तितके सेकंद शटर उघडं ठेवायचं. २० मिलिमीटरच्या लेन्सला २५ सेकंद. त्याहून जास्त वेळ ठेवलं तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ताऱ्यांच्या रेघा उमटतात. गणित बरोबर आहे. पण वडप्यात, आयएसओ ३२०० ठेवून, पंचवीस सेकंद भरायच्या आत आकाशच पांढरट होऊन जातं. ज्या आकाशगंगेसाठी ही लेन्स घेतली, तिचा मध्यभाग धनू राशीत आहे. वडप्याच्या अक्षांशावरून, म्हणजे साधारण १९.३ अंशांवरून, तो दक्षिणेला सुमारे ४२ अंशांच्या वर चढत नाही आणि वडप्याच्या दक्षिणेला आहे कल्याण-डोंबिवलीचा उजेड. शिवाय धनू मध्यरात्री दक्षिणेला येते ती जूनच्या अखेरीस, ऐन पावसाळ्यात. म्हणून महाराष्ट्रात आकाशगंगेचा खरा मोसम फेब्रुवारी ते मे, पहाटेचा. आणि त्यासाठी मुरबाड ओलांडून माळशेजच्या दिशेने जावं लागतं किंवा कसाऱ्याचा घाट चढावा लागतो.

मग वडप्यात काय करावं? साहित्य आपल्या हेतूला आणि आपल्या आकाशाला जुळणारं घ्यावं. याचं एक मोठं उदाहरण महाराष्ट्रातच घडलेलं आहे. २२ जानेवारी १८९८च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी देशोदेशीचे निरीक्षक आपल्याकडे आले होते. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्पबेल चाळीस फूट नाभीय अंतराचा कॅमेरा घेऊन उतरले. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवालाही जेऊरलाच होते. वऱ्हाडातल्या तळणीला अॅनी माँडर आल्या त्या अवघ्या दीड इंच व्यासाचं भिंग घेऊन. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या अनुदानातून, आकाशगंगेची छायाचित्रं घेण्यासाठी त्यांनी ते मिळवलं होतं. सूर्याच्या प्रभामंडलातला, तोवर कुणीही टिपला नव्हता इतका लांब किरण त्या भिंगाने काचेच्या प्लेटवर उतरवला. कॅम्पबेलना सूर्याची मोठी, बारकाव्यांची प्रतिमा हवी होती. माँडरबाईंना दूरवर पसरलेला फिका प्रकाश हवा होता. दोघांचंही साहित्य आपापल्या कामासाठी अचूक होतं, आणि माँडरबाईंना त्यासाठी मोठ्या यंत्राची गरज पडली नाही.

वडप्यात सर्वांत कमी खर्चात साधतात त्या ध्रुवाभोवतीच्या ताऱ्यांच्या रेघा. ध्रुव तारा इथे उत्तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो आणि वज्रेश्वरी-वाड्याकडची ती बाजू दक्षिणेपेक्षा पुष्कळ काळोखी आहे. दहा-पंधरा सेकंदांच्या शेकडो फ्रेम ओळीने घ्यायच्या आणि संगणकावर एकत्र करताना प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ बिंदू ठेवायचा. जुना कॅमेरा, किटबरोबर आलेली लेन्स आणि आपोआप शटर दाबणारा टायमर एवढ्यावर हे होतं.

पण माझ्या मते वडप्याचं खरं धन आहे ग्रह आणि चंद्र. गुरू, शनी, चंद्र इतके तेजस्वी आहेत की गोदामांचे दिवे त्यांचं काही बिघडवू शकत नाहीत. इथे अडचण येते ती हवेच्या थरथरीची. ग्रह जितका उंच, तितका त्याचा प्रकाश कमी हवेतून येतो. १० जानेवारी २०२६ रोजी गुरू मिथुन राशीत, सूर्याच्या बरोबर विरुद्ध दिशेला, आणि मध्यरात्रीच्या सुमारास वडप्यात जवळजवळ डोक्यावर, क्षितिजापासून ८७ अंशांच्या आसपास. युरोपातल्या निरीक्षकांना इतका उंच गुरू कधीच मिळत नाही. सहा ते आठ इंची दुर्बीण आणि तिच्या नेत्रिकेच्या जागी बसणारा छोटा व्हिडिओ कॅमेरा एवढं यासाठी पुरतं. हजारो फ्रेमचा व्हिडिओ घ्यायचा, हवा क्षणभर थांबली तेव्हाच्या मोजक्या फ्रेम सॉफ्टवेअरने निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून एका व्हिडिओला दोन-तीन मिनिटांहून जास्त वेळ देऊ नये. पट्टे पुसट होतात. एक अडचण आधीच सांगतो. साध्या डॉब्सन बैठकीवरची दुर्बीण ऐन डोक्यावर वळवणं जिकिरीचं असतं, तेव्हा गुरू माथ्यावर येण्याच्या तासभर आधी किंवा नंतर काम उरकावं. आणि पत्र्याच्या छपरांपासून, काँक्रीटच्या रस्त्यापासून लांब उभं राहावं. दिवसभर तापलेलं हे सगळं रात्री उष्णता सोडत राहतं आणि वरची हवा हलवतं. अवजड ट्रकांचे हादरे ट्रायपॉडपर्यंत पोचतात ते वेगळंच.

तेजोमेघांचा हट्ट असेल तर खर्च वाढतो, पण वाट आहे. हिवाळ्यात मृगातला मोठा तेजोमेघ वडप्यात ६५ अंशांपर्यंत चढतो, म्हणजे क्षितिजावरच्या उजेडाच्या बराच वर. त्यातला हायड्रोजन ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रेषेत आणि ऑक्सिजन ५००.७च्या निळसर-हिरव्या रेषेत चमकतो. फक्त याच रेषा आत सोडणारा नॅरोबँड फिल्टर बाकीचा बहुतेक उजेड अडवतो. सोडियमचे दिवे होते तेव्हा त्यांचा पिवळा पट्टा साध्या फिल्टरने बराचसा गाळता येई. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने ती सोय गेली. नेहमीच्या कॅमेऱ्यात सेन्सरसमोरची काच हायड्रोजनची लाल रेषा बऱ्याच अंशी अडवते. ती काच काढून घेतलेला किंवा मुळातच खगोलासाठी बनवलेला कॅमेरा हवा. जोडीला पृथ्वीच्या गतीने उलट फिरणारा ट्रॅकर. स्वच्छ चित्र मिळवायला फ्रेमची संख्या वाढवावी लागते: शंभर फ्रेम एकत्र केल्या की चित्रातली खरखर एका फ्रेमच्या तुलनेत दहापट कमी होते. लेन्सवर दव धरू नये म्हणून हीटरची पट्टी आणि जास्तीची बॅटरी, एवढं सोबत असावं.

रात्रही चंद्राच्या उजेडाची नसावी. लक्ष्मीपूजनाची रात्र अमावास्येची असते, पण फटाक्यांच्या धुरात ती वाया जाते. नंतरच्या मोकळ्या रात्री मात्र धराव्यात.

मुंबईच्या खगोल मंडळाने वर्षानुवर्षं आकाशदर्शनासाठी वांगणी गाठली. आता वांगणीतही इमारती उभ्या राहिल्या आहेत. उजेडापासून पळत राहण्याला अंत नाही, म्हणून दिव्यांकडेही बघायला हवं. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प हे भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. तिथे परिसरातले दिवे बदलून प्रकाश फक्त जमिनीवर पडेल असे बसवले गेले. गोदामाच्या आवारातही उजेड हवा असतो तो ट्रकच्या फाळक्यापाशी आणि फाटकावर. झोतदिवा आडवा न ठेवता खाली वळवला आणि त्याला वरून झाकण बसवलं, तर तेवढाच उजेड कमी विजेत मिळतो. वडप्यात हे काम गोदामाच्या मालकाला एका शिडीच्या आणि एका इलेक्ट्रिशियनच्या मदतीने करून घेता येईल.