ओलं काँक्रीट आणि दोन साक्षीदार

पहाटे 5:30
मावशी माझ्या आधी उठलेली. "थंडीत नदीवर जाऊन भिंती ठोकायच्या आणि त्याला परीक्षा म्हणायचं!" असं म्हणत तिने चहा पुढे सरकवला. तिच्या सासरच्या चार पिढ्या उज्जैनमध्ये गेल्या, पण चहा अजून पुण्याच्या मापाने अर्धा कपच. मी थैली तपासतो: रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिकची पेटी, तिची वायर, ग्रीसचा डबा, टेप, खडू, कार्बोरंडमचा दगड, दोन जुने टॉवेल. हॅमर तपासायची पोलादी ऐरण हॅमरपेक्षा कितीतरी जड, म्हणून ती रात्रीच रिक्षात ठेवून दिली. वरच्या कप्प्यात डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आहे. बांधकाम न फोडता तपासण्याच्या आमच्या धंद्यात जवळचं बारीक अक्षर दिसतं की नाही, हे दरवर्षी तपासून घ्यावं लागतं. यंत्राला चष्मा नसतो, वाचणाऱ्याला असतो.

सकाळी 6:15
आज अमावास्या नाही, पर्व नाही, तरी रामघाटाच्या पायऱ्या भिजलेल्या. समोर दत्त आखाड्याच्या बाजूला धुकं. माझ्याबरोबर दोन शिकाऊ: नाशिकची एक मुलगी आणि इथल्याच मराठी घरातला एक मुलगा. तिच्या गावी सिंहस्थ, याच्याही गावी सिंहस्थ. दोन्हीकडे घाट, पूल आणि गर्दी. उज्जैनचा पुढचा सिंहस्थ 2028 चा. तोवर जे बांधलं जाईल ते न फोडता तपासणारी माणसं दोन्ही गावांना लागणार. ती सगळी एकाच पुस्तकातून शिकली आणि एकमेकांची रीडिंगं वाचू शकली तर बरं, एवढाच माझा हेतू.

न फोडता तपासणं म्हणजे माठ वाजवून घेणं, हा दाखला मी वर्गात देत नाही. माठ गळका निघाला तर दुसरा आणता येतो. आणि कानाने काय ऐकलं ते दुसऱ्या गावच्या माणसाला कागदावर दाखवता येत नाही.

सकाळी 7:30
परवानगीचं पत्र खिशात, आणि पाण्यालगत 300 मिलिमीटर जाडीचा एक काँक्रीटचा खांब समोर. वरचा भाग कोरडा, खालचा हातभर पट्टा ओला. मी मुद्दामच असा निवडला होता.

आधी हॅमर ऐरणीवर तपासला. मग पृष्ठभाग दगडाने घासून साफ केला. खडूने चौकोन आखले. एका जागेभोवती सहा ठोके, फारच वेगळा पडलेला आकडा काढून टाकायचा, बाकीच्यांची सरासरी घ्यायची. मुलाने वर ठोके घेतले, उसळीची सरासरी 36. खालच्या पट्ट्यावर 31.

"सर, हॅमर खराब तर नाही झाला?"

"ऐरणीवर लाव."

ऐरणीवर आकडा बरोबर. आता तो खांबाकडे संशयाने बघू लागला. खाली काँक्रीट कच्चं आहे, असं त्याने वहीत लिहायला सुरुवातही केली. मी बोललो नाही. मुलीला अल्ट्रासॉनिक लावायला सांगितलं.

प्रोबला ग्रीस लावायचं, कारण मध्ये हवेची फट राहिली तर ध्वनी तिथेच अडतो. दोन्ही बाजूंनी समोरासमोर प्रोब दाबायचे आणि तरंग पलीकडे पोचायला किती वेळ लागतो ते बघायचं. वर 75 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला 4 किलोमीटर. 1992 च्या जुन्या आय.एस. 13311 प्रमाणे 3.5 ते 4.5 च्या मधलं, 'चांगलं'. खाली? तिने तीनदा घेतलं. दर वेळी वेग 4 च्या थोडा वरच.

आता दोघंही गप्प. हॅमर म्हणतो खाली वाईट, तरंग म्हणतो खाली बरं. एकाच खांबाचे दोन साक्षीदार, साक्ष उलटी.

"पाणी," ती म्हणाली.

बरोबर. ओला पृष्ठभाग मऊ पडतो, हॅमरची उसळी घटते, म्हणून आकडा कमी येतो. पण काँक्रीटच्या बारीक छिद्रांत हवेऐवजी पाणी भरलं की तरंग थोडा लवकर पलीकडे जातो, म्हणून वेग वाढतो. खांब तोच, दोष कुणाचाच नाही. फक्त एकच यंत्र घेऊन आलेला माणूस इथून चुकीचा अहवाल घेऊन जाईल, आणि कुठल्या बाजूला चुकेल ते त्याच्या थैलीवर ठरेल. शिवाय हॅमरवरून काढलेली मजबुती 25 टक्के इकडेतिकडे होऊ शकते, असं त्याच मानकात छापलेलं आहे. आत सळई असली तर तरंग पोलादातून आणखी झपाट्याने पळतो, तो धडा वेगळाच.

मुलाने वहीतलं वाक्य खोडलं. मी ते पुसू दिलं नाही, बाजूला कारण लिहून तारीख टाकायला लावली. चुका दिसल्या पाहिजेत.

सकाळी 10:30
पोहे-जिलेबी. इथे पोह्यांवर शेव आणि सोबत जिलेबी. नाशिकची मुलगी पाहतच राहिली, मग दुसरी प्लेट मागितली.

दुपारी 1
जेवण. मावशीची वरण-बट्टी. बोलायला वेळ नाही.

दुपारी 3
पडवीत फळा लावून वर्ग. आज इतिहासही सांगतो, कारण मुलांना वाटतं प्रमाणपत्र म्हणजे नोकरीचा कागद. 1972 मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या छताखाली आशिया-पॅसिफिक देशांचा सहकार्य करार झाला, भारत त्यात पहिल्यापासून. अणुऊर्जेच्या लोकांना वेल्डची काळजी होती, रेडिओग्राफी त्यांच्या हातची होती, पण तपासनीस घडवायचे कसे हा प्रश्न सगळ्या देशांना सारखाच. त्या संस्थेने 1991 मध्ये प्रशिक्षणाची मार्गदर्शिका काढली. कुठल्या पद्धतीला काय शिकवायचं, किती शिकवायचं, ते त्यात आहे. पुढे प्रमाणपत्राचं मानक आयएसओ 9712 आलं. 2012 च्या आवृत्तीत अल्ट्रासॉनिकच्या पहिल्या लेव्हलला 40 तास, दुसरीला 80. प्रमाणपत्र पाच वर्षांचं, दहाव्या वर्षी पुन्हा परीक्षा. आपल्याकडे इंडियन सोसायटी फॉर नॉन-डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग हे काम करते.

"म्हणजे मनीला किंवा क्वालालंपूरचा लेव्हल टू आणि मी एकच?" मुलाने विचारलं.

कागदावर हो. खांबापाशी मात्र, सकाळी तू ओल्या पट्ट्याला कच्चं म्हणायला निघाला होतास. तास भरणं वेगळं आणि तास मुरणं वेगळं. माझा राग आहे तो तास विकत घेणाऱ्यांवर. एका ठिकाणी मी दिवसाला वीस सह्या झालेली लॉगबुकं पाहिली आहेत. तिथे शिकलेल्यांच्या हाती यंत्र देऊन मी पुलाखाली उभा राहणार नाही.

संध्याकाळी 6:45
घाटावर क्षिप्रेची आरती. आम्ही वरच्या पायरीवर, थैली पायात धरून. मुलगी वहीत काही लिहीत होती. मला वाटलं आरतीचं, पाहिलं तर ओल्या पट्ट्याचा आराखडा.

रात्री 9
दोन लॉगबुकांवर सही. आज प्रत्यक्ष कामाचे साडेतीन तास, वर्गाचे दोन. मुलाच्या पानावर खोडलेलं वाक्य तसंच आहे, बाजूला कारण आणि तारीख. ओल्या पट्ट्याची रीडिंगं अजून मान्य नाहीत. पाणी उतरून पट्टा वाळला की ती पुन्हा घ्यायची, म्हणून नाशिकचं तिकीट दोन दिवस पुढे ढकललं आहे.